एका घरात दोन बिऱ्हाडे

मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान



मंडळाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचे निमंत्रण देताना विषय आपल्या आवडीचा घ्यावा, अशी मोकळीक आम्हांस दिली. ह्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, मुलांचे शिक्षण, लग्नकार्यातील खर्च अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली आहेत. त्या मानाने आमचा विषय अगदीच घरगुती आहे. घरातील एका जुन्या संगणकावर दुसरी कार्यप्रणाली बसविताना आमची जी त्रेधातिरपीट उडाली, तिची हकीकत आम्ही सांगणार आहोत. हे ऐकताच पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यांवर जी निराशा पसरली, ती आम्हांस येथून स्पष्ट दिसते आहे. परंतु थोडा धीर धरावा. ह्या खटाटोपात आपल्याच ज्ञातीतील एका कुळाचा, सोळा वर्षे खपून जमविलेला वृत्तांत कायमचा नाहीसा होण्याची वेळ आली होती, आणि ती वेळ दुसऱ्या कोणी नव्हे, आम्हीच आणली होती. तेव्हा ही एका अपराध्याची कबुली आहे असे समजून ऐकावे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगतो. इंग्रजीत हिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. जुन्या वाड्यात मालक वेगळा आणि कारभारी वेगळा असे. मालकाने 'पाहुणे येणार आहेत' एवढे म्हणावे. पाणी कोणी भरायचे, कोणती खोली उघडायची, धान्य किती काढायचे, हे सारे कारभाऱ्याने पाहावे. संगणकात हे काम कार्यप्रणाली करते. आपण कळ दाबतो. ते अक्षर पडद्यावर उमटविणे, चकतीवर साठविणे, छापणाऱ्या यंत्राकडे पाठविणे, ही सर्व व्यवस्था तिची. बहुतेकांच्या घरी विंडोज नावाची प्रणाली असते. यंत्र विकत घेताना ती आतच बसलेली असल्यामुळे, कारभारी बदलता येतो हेच पुष्कळांस ठाऊक नसते.

दुसरी प्रणाली लिनक्स ह्या नावाची. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये, आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली रचीत आहोत, असे जाहीर केले. त्याच्या आधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी, सर्वांस मोकळेपणी वापरता, पाहता व सुधारता येईल अशा प्रणालीचा संकल्प सोडला होता. ह्या दोन प्रवाहांचा संगम झाला आणि जगभरच्या हजारो माणसांनी त्यात आपापली ओंजळ ओतली. ज्या छंदाची सुरुवात अशी झाली, त्याच्याच बळावर नोव्हेंबर २०१७ च्या यादीतील जगातील सर्वांत वेगवान पाचशेच्या पाचशे महासंगणक चालत होते. आपल्यापैकी ज्यांच्या सदऱ्याच्या खिशात अँड्रॉइड मोबाइल आहे, त्यांच्या खिशातही लिनक्सचाच गाभा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनेही ह्याच पायावर 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली उभारली. तेव्हा ही वस्तू परकी किंवा नवशिकी आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आता आमच्या घरची परिस्थिती सांगतो. आमचे वडील बंधू, ज्यांना सारे अण्णा म्हणत, ते २०१९ साली निवर्तले. उभी हयात त्यांनी हिशेबतपासनिसाचे काम केले. सेवानिवृत्त होण्याच्या आधीच, म्हणजे १९९८ साली, त्यांनी आमच्या कुळाचा वृत्तांत लिहावयास घेतला. कोठे बडोदे, कोठे ग्वाल्हेर, कोठे बेळगाव. गावोगावी पत्रे घातली, क्षेत्राच्या उपाध्यायांच्या वह्यांतून नावे उतरून आणली आणि २०१४ पर्यंत शाखांमागून शाखा टंकलिखित केल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे हे सारे लेखन एका जुन्या मराठी टंकाच्या प्रोग्रॅममध्ये झाले होते. हा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चाले, आणि तोही यंत्राला एक छोटीशी किल्ली टोचलेली असेल तरच. पुढे २०१६ साली अण्णांनी नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा सारे दप्तर त्यावर हलविले. अण्णांच्या मागे तो लॅपटॉप, ती किल्ली आणि तो अपुरा वृत्तांत आमच्याकडे आला.

ह्या लॅपटॉपवर विंडोजची दहावी आवृत्ती होती. तिच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबतील, नोंदणी केल्यास घरगुती यंत्रांना आणखी एक वर्ष मिळेल, असे कळले होते. अकरावी आवृत्ती घ्यावी तर यंत्राचा प्रोसेसर तिच्या अटींत बसेना. यंत्र तर धडधाकट होते. ते भंगारात घालणे आमच्या मनास पटेना. पेन्शनरास नवे यंत्र घेणेही सोपे नव्हे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षास असलेली आमची नात म्हणाली, "आजोबा, ह्याच्यावर उबुंटू टाकू या. छान चालेल." उबुंटू ही लिनक्सचीच एक घरगुती आवृत्ती, २००४ पासून निघत असलेली, तिच्या एप्रिल २०२४ च्या आवृत्तीस पाच वर्षे दुरुस्त्या मिळावयाच्या होत्या. परंतु विंडोज काढून टाकावी तर अण्णांचा प्रोग्रॅम बंद पडणार. म्हणून असे ठरले की, दोन्ही प्रणाली एकाच यंत्रात नांदवाव्या. जुनी ती थोरली पाती, नवी ती धाकटी पाती. एका घरात दोन बिऱ्हाडे.

वाटणी झालेल्या घरांतून जे जे अनुभव येतात, ते सर्व ह्यानंतर आम्हांस आले.

नात परीक्षेसाठी वसतिगृहावर परत गेली होती. दिवाळीच्या सुट्टीत येऊन करते, तोवर यंत्रास हात लावू नका, असे तिने बजावले होते. परंतु २०२५ च्या नवरात्रात एके दुपारी आम्हांस उत्साह आला. पेन ड्राइव्हवर उबुंटू उतरविण्यापर्यंत सारे सुरळीत पार पडले. पुढची पायरी अशी की, यंत्र सुरू होताना एक विशिष्ट कळ दाबून 'आज ह्या पेन ड्राइव्हवरून सुरू हो' असे त्यास सांगायचे. ही कळ प्रत्येक कंपनीच्या यंत्रात निराळी. कोठे एफ-दोन, कोठे एफ-बारा, कोठे एस्केप, कोठे डिलीट. ती दाबण्याचा अवकाशही एक-दोन सेकंदांचाच. आम्ही चष्मा सावरून कळ शोधीपर्यंत थोरली पाती जागी होऊन 'सुस्वागतम्' म्हणत असे. बारा-पंधरा वेळा हे झाले.

ह्याचे एक कारण आम्हांस मागाहून समजले. यंत्र 'बंद करा' असे सांगितले तरी ते पुरते बंद होत नसे. पुढच्या खेपेस लवकर उठता यावे म्हणून ते आपला गाभा चकतीवर जसाच्या तसा ठेवून अर्धवट झोप घेत असे. ह्या सोयीस जलद आरंभ म्हणतात. एकाच प्रणालीच्या घरात ती सोयच आहे. परंतु दुसऱ्या बिऱ्हाडास ती अडचणीची होते. थोरली पाती अर्धवट झोपेत असताना धाकटी तिच्या कपाटास हात लावावयास गेली, तर कपाट फक्त पाहता येते, त्यात काही ठेवता येत नाही. म्हणून पहिला नियम असा की, ही सोय बंद करावी आणि यंत्र 'पुन्हा सुरू करा' असे सांगूनच आत शिरावे. हे आम्हांस ठाऊक नव्हते. ठाऊक नाही, हेही ठाऊक नव्हते.

अखेरीस यंत्राच्या मुळाशी असलेला निळा तक्ता आमच्यापुढे उघडला. त्यात पर्यायांच्या रांगाच रांगा होत्या. शहाण्या माणसाने तेथे हात मागे घेऊन पाठ फिरविली असती. आम्ही मात्र, ज्याचा अर्थ लागला नाही तो पर्याय बदलून पाहावा, ह्या शास्त्राप्रमाणे चाललो. सुरक्षेविषयीच्या पानावर 'चिप रिकामी करा' अशा अर्थाचे काही होते. रिकामी करणे म्हणजे साफसफाई करणे, असा आम्ही अर्थ घेतला, आणि यंत्राने 'खात्री आहे का?' असे विचारले तेव्हा मोठ्या आत्मविश्वासाने 'होय' म्हणालो.

त्यानंतर यंत्र सुरू केले तेव्हा पडद्यावर नेहमीचे चित्र आले नाही. अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागणारा एक पडदा आला.

आमच्या पायांखालची जमीन सरकली. अण्णांनी वृत्तांतात शेकडो घरांच्या जन्मतारखा, पत्ते, नातेसंबंध नोंदविले होते. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती चोराचिलटाच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी सबंध चकतीस गूढलिपीचे कुलूप घातले होते. त्या कुलपाची रोजची किल्ली यंत्रातील सुरक्षा-चिपच्या पोटात होती, म्हणून ती आजवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती चिप आम्ही आपल्या हाताने रिकामी केली होती. आता उरली फक्त राखीव किल्ली: सहा अंकांचा एक, असे आठ गट. ती नसेल तर जगातील कोणताही कारागीर ती चकती वाचू शकणार नव्हता. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की, त्या दप्तराची दुसरी प्रत कोठेही नव्हती. सहा वर्षे यंत्र आमच्या ताब्यात होते. एका दुपारच्या कामास आम्हांस सहा वर्षांत सवड झाली नव्हती.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. यंत्र गेल्याचे दुःख नव्हते. अण्णांनी ज्यांना ज्यांना पत्रे घातली, त्यांपैकी निम्मी माणसे आज हयात नाहीत. ती उत्तरे पुन्हा कोण देणार?

तीन दिवस शोधाशोध केली. लॅपटॉपची पेटी, हमीपत्र, अण्णांची पत्रांची गठडी, औषधांच्या चिठ्ठ्यांचा डबा, सारे पालथे घातले. चौथ्या दिवशी मान खाली घालून वहिनींकडे गेलो आणि घडले ते सांगितले. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "भावोजी, हे महत्त्वाचे असे काही सुट्या कागदावर कधी लिहीत नसत. जमाखर्चाच्या वह्या पाहिल्यात का?"

आम्ही पाहिल्या नव्हत्या. २०१६ सालच्या वहीच्या शेवटच्या पानावर, 'तिजोरी' ह्या मथळ्याखाली, अण्णांच्या टपोऱ्या हस्ताक्षरात आठ गट लिहिलेले होते. आम्ही 'संगणक' शोधीत होतो. अण्णांच्या लेखी ती तिजोरी होती.

परंतु परीक्षा संपली नव्हती. वहीस ओल लागून तीन ठिकाणी शाई पसरली होती. मराठी अंकांतील १ आणि ९ ह्यांचे साम्य आपण जाणताच. तिन्ही ठिकाणी तीच शंका. आठ प्रकारे भरून पाहता आले असते. परंतु प्रत्येक चुकीगणिक आमचा धीर खचत होता. फोनवरून नातीने शोधून सांगितले, "आजोबा, ह्या किल्लीतल्या प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. बघा, काही उपयोग होतो का." उपयोग कसा होणार नाही! अकराची कसोटी आम्ही शाळेत शिकलो होतो. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा कराव्या; त्यांची वजाबाकी शून्य किंवा अकराच्या पटीत आली, तर संख्येस अकराने भाग जातो. पहिला शंकास्पद गट २२४९८३ होता की २२४१८३? पहिल्यात २, ४, ८ ह्यांची बेरीज १४ आणि २, ९, ३ ह्यांची बेरीजही १४. वजाबाकी शून्य. दुसऱ्यात १४ आणि ६; वजाबाकी ८. तेव्हा अंक ९ होता. उरलेल्या दोन गटांचा निकालही पाच मिनिटांत लागला. ही किल्ली आता निकामी झालेली आहे, म्हणून हे अंक भर सभेत सांगावयास हरकत नाही. शेवटचा गट भरून एंटर दाबले, आणि अण्णांनी लावलेले देवगिरीच्या किल्ल्याचे चित्र पडद्यावर उमटले. वहिनी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांस पदर लावला. आमचीही स्थिती फारशी निराळी नव्हती.

ह्यापुढे मात्र आम्ही शहाणे झालो. नात सुट्टीत येईपर्यंत आम्ही एकच काम केले. सबंध दप्तराच्या दोन प्रती बाहेरच्या चकत्यांवर काढल्या. एक आमच्याकडे, एक वहिनींच्या घरी. एकाच छपराखाली दोन प्रती ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे होय. मग नातीने चकतीवरील कुलूप रीतसर काढले. त्यास एक अख्खी रात्र लागली. कुलूपबंद जागेची वाटणी करावयास उबुंटूची ती आवृत्ती तयार होत नव्हती, आणि ते योग्यच होते.

नात म्हणाली, "आता वाटणी करू." चकती पाचशे गिगाबाइटांची, तीनशेच्या वर जागा मोकळी. तरीही थोरली पाती केवळ थोडीशी जागा सोडावयास तयार होईना. वाड्याच्या मधोमध जड कपाट असावे आणि त्याच्या पलीकडची खोली रिकामी असूनही वेगळी काढता येऊ नये, तसा हा प्रकार. झोपेच्या वेळी लागणारी मोठी नोंद आणि अशाच काही न हलणाऱ्या फायली मधेच बसलेल्या असतात. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून, यंत्र पुन्हा सुरू करून मागणी केली, तेव्हा शंभर गिगाबाइटांचा वाटा वेगळा निघाला.

पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू झाले. उबुंटूने विचारले, कोठे राहू? आणि पाहतो तो तिला घरात एकही चकती दिसेना! वाटा काढून ठेवलेला आणि घरच अदृश्य. नातीने कपाळावर हात मारला. चकतीशी बोलण्याच्या दोन रीती असतात. यंत्र कारखान्यातून ज्या रीतीवर लावून आले होते, ती ह्या पाहुणीस समजत नव्हती. रीत एकदम बदलली, तर थोरली पाती निळा पडदा दाखवून बसते. आधी तिला सुरक्षित अवस्थेत जागे होण्यास सांगावे, मग मुळाच्या तक्त्यात रीत बदलावी, एकदा त्या अवस्थेत सुरू करावे आणि मग पूर्ववत न्यावे. ह्या क्रमाने केल्यास काही बिघडत नाही. तक्त्यातील पर्याय तोच, कळ तीच. एका क्रमाने उपाय आणि दुसऱ्या क्रमाने अपाय.

पुढे एक प्रश्न आला, त्याचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. 'जुन्या प्रणालीच्या शेजारी बसवू, की सबंध चकती पुसून बसवू?' हे दोन पर्याय एकाखाली एक असतात. पुसण्याचा पर्याय निवडल्यास सोळा वर्षे दोन मिनिटांत जातात. नातीने आमचा हात धरून ठेवला आणि ती ओळ आमच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतली. अर्ध्या तासात धाकटी पाती राहावयास आली. आता यंत्र सुरू होताना दारावर एक द्वारपाल उभा राहतो आणि कोणाकडे जायचे ते विचारतो.

तथापि नव्या बिऱ्हाडास बाहेरचे जग दिसेना. घरात वाय-फाय असून उपयोग नाही. त्या चिपचा चालक पेन ड्राइव्हवर नव्हता, तो इंटरनेटवरून आणायचा, आणि इंटरनेट तर त्याच्याविना नाही. विहिरीतून पाणी काढावयास दोर हवा आणि दोर विहिरीत पडलेला! नातीने मोबाइल तारेने लॅपटॉपला जोडला आणि मोबाइलचे इंटरनेट त्यातून घेतले. तेवढ्यावर चालक उतरला आणि वाय-फाय सुरू झाले.

शेवटचा घोटाळा घड्याळाचा. एके दिवशी सायंकाळी सातच्या सुमारास थोरल्या पातीत शिरलो, तर घड्याळात दुपारचा दीड! सौभाग्यवती म्हणाल्या, "यंत्राने चहाची वेळ मागे नेली, जेवणाची नेली नाही म्हणजे मिळवली." कारण मोठे मनोरंजक आहे. यंत्रातील घड्याळ एकच. परंतु विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे धरते आणि लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. तेवढाच फरक पडला. धाकट्या पातीस 'घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव' असे एका ओळीत सांगता येते. दोघींचे म्हणणे आपापल्या परीने बरोबर होते. घर चालावयाचे तर एकीने समजून घ्यावे लागते, हे येथे जमलेल्या भगिनींस आम्ही काय सांगावे?

बंधुभगिनींनो, आता मुख्य गोष्ट. सर्व स्थिरस्थावर झाल्यावर मोठ्या हौसेने आम्ही धाकट्या पातीत अण्णांचा वृत्तांत उघडला, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हे ह्यांचा अर्थहीन सडा पडला. एकही मराठी शब्द नाही. जुन्या मराठी टंकांची युक्ती अशी होती की, यंत्रास इंग्रजी अक्षरच टंकिले आहे असे वाटावे आणि त्या जागी चित्र मात्र देवनागरीचे दिसावे. तो विशिष्ट टंक आहे तोवर ते मराठी. तो टंक गेला की उरते ते निरर्थक इंग्रजी. ह्यावर उपाय युनिकोड. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. तो पुण्यात तोच, हेलसिंकीत तोच, विंडोजवर तोच आणि मोबाइलवर तोच.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ज्या दोन बिऱ्हाडांसाठी एवढा खटाटोप केला, ती चिरकाल टिकणारी व्यवस्था नव्हेच. आज ना उद्या ते यंत्र थकेल, ती किल्ली मोडेल. वाचवायचे आहे ते यंत्र नव्हे, मजकूर. आणि जो मजकूर एकाच यंत्रात, एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच किल्लीने उघडतो, तो जपलेला नसून अडकलेला असतो. म्हणून थोरली पाती आम्ही इंटरनेटपासून तोडली आणि केवळ मूळ प्रत पाहण्यापुरती ठेवली. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने वृत्तांत युनिकोडमध्ये आणला. ऱ्हस्व इकार आणि रफार पुष्कळ ठिकाणी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. ते दुरुस्त करण्यासाठी मूळ पान थोरल्या पातीतून छापून घेऊन आम्ही वाचतो आणि नात, सुट्टीत घरी येते तेव्हा, धाकट्या पातीत सुधारते. काम अजून चालू आहे.

हे काम करता करता आमच्या आत्याबाईंच्या नावाशी पोहोचलो. बहुतेक जुन्या कुलवृत्तांतांत मुलींचे नाव एका ओळीत संपते. अण्णांनी प्रत्येक मुलीच्या नावाखाली तिची हकीकत लिहिली आहे. आत्याबाई बालविधवा होत्या, एवढे आम्हांस ठाऊक होते. त्यांनी बारा वर्षे खाणावळ चालवून आमच्या वडिलांच्या शिक्षणाचा खर्च केला, हे आम्हांस अण्णांच्या त्या चार ओळींवरून सत्तराव्या वर्षी कळले. वडिलांनी हे आम्हांस कधी सांगितले नाही. कदाचित त्यांना संकोच वाटला असेल. नातीने त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी किल्ली मिळाली नसती तर?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

असो. वेळ संपत आली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे दप्तर असेल: कोणाची वंशावळ, कोणाच्या आजीची पाककृतींची वही टंकलेली, कोणाची छायाचित्रे. दुसरी कार्यप्रणाली बसविण्याचा प्रसंग प्रत्येकावर येईलच असे नाही; यंत्र बदलण्याचा मात्र येईल. म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, कोणताही प्रयोग करण्यापूर्वी सर्व दप्तराच्या दोन प्रती काढाव्या आणि त्या दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्या. दुसरी, यंत्राच्या किल्ल्या व पासवर्ड कागदावर लिहून घरातील दोन माणसांस त्यांची जागा सांगून ठेवावी. अण्णांच्या वहीने आम्हांस तारले, पण वहिनी नसत्या तर ती वही आम्ही रद्दीत घातली असती. तिसरी, जुन्या टंकातील मराठी लेखन, ते उघडणारे यंत्र चालू आहे तोवर, युनिकोडमध्ये आणावे.

ज्यांना हे स्वतः जमणार नाही, त्यांनी संकोच न करता आपल्या नातवंडांस विचारावे. त्यांना कळा ठाऊक आहेत. आपल्याला अकराची कसोटी ठाऊक आहे. दोन्ही मिळूनच आमचे कुलूप उघडले. मंडळातील तरुणांनी वर्षातील एखादा रविवार ह्या कामास दिला, तर पुष्कळ घरांची दप्तरे वाचतील. इच्छुकांनी आपली नावे आजच चिटणीसांकडे द्यावी. आमच्या नातीचे नाव पहिले आहे आणि, तिने परवानगी दिल्यास, दुसरे आमचे. मात्र यंत्राच्या मुळाशी असलेल्या तक्त्यास आम्ही हात लावणार नाही, एवढे वचन भर सभेत देतो.